दोघींची एक खाट

१२ नोव्हेंबर

बारके,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची रीत आहे. मी लिहिला, खोडला, परत लिहिला, परत खोडला. आता नुसतंच बारके.

तुझं कार्ड पोचलं. घर सोडून तीन आठवडे झाल्यावर धाकट्या बहिणीला थोरलीची आठवण झाली, आणि ती कशासाठी, तर थोरलीला झोपायचं कसं ते शिकवायला. ‘ताई, तुला झोप लागत नाही असं ऐकलं. निजण्याआधी कोमट दूध पीत जा, खोलीत अंधार कर, मनात कसले विचार आणू नकोस.’ वा ग माझी वैद्यीण! माझ्या झोपेचं खोबरं करून गेलीस आणि आता लांब बसून उपाय सांगतेस.

कुणाकडून ऐकलंस तेही मला ठाऊक आहे. लाँड्रीतली घडीच्या टेबलावरची शिंकरी, दुसरं कोण? साबणाच्या पावडरीने शिंका येतात तेवढा वेळच काय ती गप्प असते. तिला कळव, ताई छान झोपते म्हणावं. पाठ टेकली की डोळा लागतो आणि संध्याकाळपर्यंत कूस बदलत नाही.

विचार आणू नकोस म्हणे. त्या दिवशी सकाळी रात्रपाळी संपवून जिना चढले तर तू दारात नव्हतीस. रोज असायचीस, एका पायात चप्पल, दातांत पिना, डबा काखेत. मी आत, तू बाहेर, किल्ली माझ्या हातावर, आणि ‘ताई, अंथरूण गरम आहे, पड पटकन.’ त्या दिवशी किल्ली मला खालच्या नर्सबाईंनी दिली. ‘गेली हो ती, काल संध्याकाळीच. लाँड्रीच्या गाडीवाल्याबरोबर. तुम्हाला बोलली नाही?’ मी म्हटलं, ‘बोलली होती की.’ वर आले. खाटेवर रजई घडी करून ठेवलेली. आपल्या घरात रजईची घडी मी पहिल्यांदाच बघत होते. हात लावला तर सगळं थंडगार.

आई गेली तेव्हा तू सोळाची होतीस. लाँड्रीच्या मुकादमबाई म्हणाल्या, दोघींना घेते, पण एक दिवसाला आणि एक रात्रीला, कोण कुठे ते तुम्ही ठरवा. मी क्षणभरही विचार केला नाही. ही वाढत्या अंगाची आहे, हिला रात्रीची झोप पाहिजे, असं म्हणून रात्रपाळी घेतली. दुसरी खाट आणून बघितली होती, आठवतं? दारच उघडेना, परत नेऊन दिली. म्हणून रात्री तू झोपायचीस आणि दिवसा मी. सुट्टीसुद्धा कधी एका दिवशी घेतली नाही. दवाखान्यातल्या अनोळखी माणसांच्या चादरी मी रात्र रात्र इस्त्री करत राहिले आणि माझी रात्र तुला दिली. त्याचे तू असे पांग फेडलेस.

दूध आणलं होतं. नासलं.

ताई

२९ नोव्हेंबर

बारके,

उत्तर आलं नाही. मीही काही डोळे लावून बसले नव्हते. शिंकरी तिखटमीठ लावून सांगेल त्याआधी माझ्याकडून ऐक, म्हणून लिहितेय. माझा हात भाजलाय. डाव्या हाताची दोन बोटं, फार नाही.

रोलर तुला नवा नाही. दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची, ताणून तापल्या रोलरच्या तोंडाशी लावायची आणि सोडून द्यायची. सोडून द्यायचंच मी विसरले. उभ्या उभ्या डुलकी लागली होती. चादर तिरकी आत गेली आणि तिच्यामागून माझी बोटं. समोरच्या बाईने लाल बटण दाबलं म्हणून निभावलं. मुकादमबाई आल्या. त्यांनी आधी माझा हात नळाखाली धरला आणि मग तोंड सोडलं. ‘रोलरवर पेंगणारी बाई मला परवडत नाही. परत दिसलीस तर मळक्याच्या खोलीत घालीन.’ मळक्याच्या खोलीत काय येतं ते तुला माहीत आहे. रक्त, पू आणि काय काय. तिथे गेलेली बाई परत रोलरवर आलेली आपण दोघींनी बघितलेली नाही.

तेव्हा आता मला झोपायचंय. झोप लागत नाही असं नाही, थोडी कमी लागते इतकंच. आणि मी उपाय करतेय ते तुझ्या कार्डामुळे नव्हे, हे आधी डोक्यात घाल. नर्सबाईंनी सांगितलं म्हणून करतेय. त्या जन्मभर रात्रपाळ्या करून निवृत्त झाल्यात. मी गोळी मागितली तर म्हणाल्या, ‘गोळीचं डॉक्टर बघतील. आधी महिनाभर माझं ऐका, बिनगोळीचं.’

पहिलं म्हणजे चहा बंद. पूर्ण नाही, पाळीच्या मधल्या सुट्टीनंतर बंद. पहाटेचा तो एक कप माझा जीव की प्राण, आणि त्यानेच म्हणे सकाळी डोळा लागत नाही. दुसरं, घरी येताना काळा चष्मा लावायचा. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की डोकं समजतं दिवस उगवला, आता उठायचं. चष्मा लावला तर कोपऱ्यावरचा पाववाला ओरडून विचारतो, ‘बाई, डोळे आलेत का?’ त्याच्याकडची बाकीची गिऱ्हाइकं चार पावलं मागे सरली. तिसरं, खिडकीला काळं कापड. लाँड्रीतून फाटकी निळी चादर मागून आणली आणि दुहेरी करून ठोकली. अंधार बरा होतो. चौथं, रोज ठरल्या वेळेलाच आडवं व्हायचं आणि ठरल्या वेळेलाच उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. नर्सबाई म्हणतात, ‘झोपेला घड्याळ कळतं हो. एक दिवस चुकवलंत की ती रुसते.’ मी म्हटलं, माझ्याकडे रुसणारी माणसं आधीच पुष्कळ आहेत.

अंधार झाला, चहा सुटला, वेळ पाळली. पडून राहते. छतावरचा पोपडा मला आता तोंडपाठ झाला आहे.

बोटं बरी होतील. तू काळजी करत असशील असं समजून लिहिलेलं नाही.

ताई

१९ डिसेंबर

बारके,

पंधरा ओळींचं पत्र आलं आणि त्यात माझ्या बोटांना चार. ‘हळद लाव, पाण्यात घालू नकोस.’ लाँड्रीत काम करणाऱ्या बाईला पाण्यात हात घालू नकोस सांगतेस, धन्य आहेस. तिथलं सगळं छान आहे, सासूबाई प्रेमळ आहेत, घर मोठं आहे, हेही वाचलं. असू दे. का गेलीस ते मात्र अजून लिहिलेलं नाहीस.

इकडे उपायांचा रतीब चालू आहे. झोपण्याआधी पाय गरम पाण्यात बुडवून बसते. ते खरंच बरं वाटतं, उगीच नावं ठेवणार नाही. रात्रभर उभं राहून पोटऱ्या दगडासारख्या होतात, त्या सुटतात. जेवण हलकं करते. श्वास हळूहळू सोडायचा, आत घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ. पहिल्या दिवशी इतकं मन लावून केलं की श्वास बरोबर चाललाय की नाही या धास्तीनेच टक्क जागी राहिले.

सगळ्यात विचित्र उपाय खुर्चीचा. नर्सबाई म्हणाल्या, ‘झोप येत नसेल तर खाटेवर लोळत पडायचं नाही. उठा. खुर्चीत बसा. काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की मगच खाटेवर. खाटेला कळलं पाहिजे, इथे बाई फक्त झोपायला येते, तळमळायला नाही.’ म्हणून खुर्चीत बसते आणि तुझा तो हिरवा स्वेटर उसवते. तू टाकून गेलीस ना, मग आता तो माझा. एक बाही सबंध उसवून झाली. पेंग येते, मी उठते, खाटेवर जाते आणि आडवी झाले की परत टक्क.

आता खरं सांगते, आणि शिंकरीला यातलं अक्षर कळलं तर बघ. मला उजेडाचा त्रास नव्हता. चहाचाही नव्हता. तो होताही थोडा, पण ते काही मूळ नव्हे. मला ती खाट थंड लागते. इतकी वर्षं मी कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणात शिरत होते. बाहेरून गारठून यायचं आणि रजईखाली तुझी ऊब असायची, तुझ्या डोक्याचा खळगा उशीत असायचा. आपली दिवसभरात दोन मिनिटं गाठ पडायची, सकाळी दारात आणि संध्याकाळी लाँड्रीच्या फाटकाशी. बाकी मी तुला भेटायची ती त्या अंथरुणात. मीही उठले की रजई तशीच पसरून वर उशी दाबून ठेवायची, ऊब जाऊ नये म्हणून. माझी बारकी थकून येईल, तिला थंड अंथरुणात पडायला लागू नये. आईमागे तुझ्यासाठी मला एवढंच करता येत होतं, ते मी एक दिवस चुकवलं नाही.

आता दोन रजया घेते तरी अंग तापत नाही. संध्याकाळी फाटकाशी पोचले की किल्ली द्यायला हात अजून आपोआप पुढे होतो. परवा दिवसपाळीच्या एका बाईने विचारलं, ‘काय देताय?’

का गेलीस ते लिही. माणूस आवडला म्हणून गेलीस असं असेल तर तेही सरळ लिही. मी काय तुला कोंडून घातलं असतं?

ताई

११ जानेवारी

बारके,

पत्र मिळालं. वाचलं. वाचून घडी केली, परत उघडून वाचलं. कुठेतरी मी चुकीचं वाचत असेन असं वाटत होतं, पण तुझं अक्षर पहिल्यापासून सुबक.

‘ताई, तुला राग येईल. गाडीवाला निमित्त आहे. मला त्या खाटेवर झोपच लागत नव्हती. मी यायची तेव्हा अंथरूण गरम असायचं, ओलसर असायचं, वाफेचा आणि तुझ्या घामाचा वास असायचा. तू इतक्या मायेने रजई पसरून ठेवायचीस की ती झटकून टाकायचं धाडस मला झालं नाही. दिवसभर पांढऱ्याशुभ्र चादरींच्या घड्या घालायच्या आणि रात्री त्या रजईखाली डोळे उघडे ठेवून पडायचं. मला एकदा तरी थंड, कोऱ्या अंथरुणावर पडायचं होतं. मी सकाळी तुझ्यासाठी ऊब ठेवायची ती तू माझ्यासाठी ठेवायचीस म्हणून. तुला ते आवडत असेल असं वाटलं.’

हे तू मला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस? तोंड शिवलं होतं तुझं? ‘ताई, जरा वारं लागू दे अंथरुणाला,’ एवढे चार शब्द. मी काय खाऊन टाकलं असतं तुला? शिंकरीजवळ बोललीस, त्या गाडीवाल्याजवळ बोललीस, त्याच्या आईजवळही बोलली असशील. त्या घरात सगळ्यांना माहीत असेल, हिच्या बहिणीच्या अंथरुणाला वास येत होता. मला लाज वाटतेय आणि त्याहून जास्त संताप येतोय. दारात रोज हसत उभी राहून ‘गरम आहे, पड पटकन’ म्हणायचीस ते काय होतं मग?

आणि एक गोष्ट मला गिळता येत नाही. मी रात्रपाळी घेतली ती तुला झोप मिळावी म्हणून. माझे डोळे गेले, पाय गेले, माझ्या वयाच्या बायका संध्याकाळी ज्या ज्या गोष्टी करतात त्या सगळ्या गेल्या. मी मनाशी म्हणायची, जाऊ दे, ती तरी झोपतेय. रोलरपाशी उभी राहून मी तुझी झोप डोळ्यांपुढे आणायची, खरंच सांगते, त्यानेच रात्र निघायची. आणि तू जागी होतीस. मी तिकडे जागी, तू इकडे जागी! मग मी दिलेल्या त्या सगळ्या रात्री गेल्या कुठे? कुणाच्या कामी आल्या?

आता लिहू नकोस काही दिवस.

ताई

६ फेब्रुवारी

बारके,

लिहू नकोस म्हटलं की तू खरंच लिहीत नाहीस, एवढी एकच आज्ञा पाळलीस. असो.

तुझ्या पत्राचा राग काढायला मी काय केलं ऐक. गादी एकटीने ओढत गच्चीवर नेली. जिन्यात दोनदा अडकले, नर्सबाई खालून ओरडत होत्या. वर टाकली आणि काठीने बडव बडव बडवली. कुणाला बडवत होते ते तुला सांगायला नको. रजई फाडून तिचा कापूस पिंजायला दिला. चादर उकळत्या पाण्यातून काढली आणि रोलरखालून फिरवून आणली, मुकादमबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. खाट दिवसभर उघडी ठेवली, खिडकी उघडी, वारं इकडून तिकडे. म्हटलं, घे, तुझं थंड अंथरूण. बघू काय सुख असतं त्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरून आले. काळं कापड लावलं, पाय शेकले, श्वास सोडत पडले. चादर गारेगार होती आणि कसलाही वास नव्हता, तुझा नाही आणि माझाही नाही. एकदम डोळे भरून आले. रडतानाच कधीतरी झोपले. उठले ती गजराने, आणि गजर वाजण्याआधी मी कुठे होते ते मला सांगता येणार नाही. अशी झोप मला आठवतच नाही.

त्यानंतर रोज लागते. कधी अर्धा तास जातो, कधी पडल्या पडल्या. अंथरूण रोज उघडं टाकते, दोन दिवसांनी चादर बदलते. नर्सबाई म्हणतात, ‘हे तर मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण लाँड्रीतल्या बाईला चादर बदला सांगायचं मला सुचलं नाही.’ त्या हसल्या, मी नाही हसले. कारण तुझं म्हणणं बरोबर होतं, बारके. ते माझ्या अंगाने मला दाखवून दिलं आणि त्याचाच मला तुझ्यावर जास्त राग आहे. तू खोटी ठरली असतीस तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं.

आणखी एक. दिवसपाळीला तुझ्या जागी घेतलेली मुलगी सोडून गेली. मुकादमबाईंनी मला बोलावलं. ‘बहिणीसाठी रात्रपाळी धरून बसली होतीस. आता कुणासाठी धरतेस? दिवसाला ये.’ मी विचार करून सांगते म्हटलं आणि फाटकापर्यंत जाऊन परत आले. येते म्हणून सांगितलं.

ताई

२१ एप्रिल

बारके,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर दिलं नाही कारण मी झोपत होते. थट्टा नाही, खरंच. रात्री झोपणं म्हणजे काय असतं ते मी विसरले होते. पहिला आठवडा वाईट गेला. अंगाला वाटायचं, दिवे लागले, चला कामाला. नर्सबाईंनी सगळे उपाय उलटे करून दिले. काळा चष्मा काढा, सकाळी उन्हात चालत कामाला जा. चहा दुपारनंतर नको. संध्याकाळी दिवे मंद करा. झोप येत नसली तर खुर्ची आहेच. तुझा स्वेटर संपला, आता त्याच लोकरीचा माझ्या मापाचा विणतेय. हळूहळू बसलं सगळं. आता दहाच्या सुमाराला डोळे जड होतात, बाहेर सगळे झोपतात तेव्हाच मीही झोपते आणि सकाळी सगळ्यांबरोबर उठते. पाववाला परवा म्हणाला, ‘बाई, तब्येत सुधारली.’ आरशात बघितलं, सुधारली आहे.

आता तुझं दुसरं पत्र. गाडीवाला लांबच्या फेऱ्यांवर गेला, आठवडा आठवडा येत नाही. मोठं घर म्हणजे माणसं पुष्कळ, जागा नाही. सगळे निजल्यावर तुझं अंथरूण स्वयंपाकघरात पडतं आणि सगळे उठायच्या आत उचलावं लागतं. सासूबाईंना पहाटे पाणी लागतं, त्या तुला ओलांडून जातात. तुला झोप नाही. थंड अंथरूण मिळालं, पण ते फरशीचं. वाचून मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? मग बरं वाटलं याचं वाईट वाटलं. मग वाईट वाटायला लावलंस म्हणून परत राग आला. मी काही देवमाणूस नाही.

तू विचारतेस, ‘ताई, थोडे दिवस येऊ का? मी जमिनीवर झोपेन, तुला त्रास देणार नाही.’ त्या जमिनीला ओल येते, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. तू दोन दिवस जमिनीवर झोपशील, तिसऱ्या दिवशी खोकशील, चौथ्या दिवशी मी म्हणेन, ये ग वर, मी बसते खुर्चीत. मला मी चांगली ओळखते. तूही मला ओळखतेस, म्हणून तर जमिनीवर झोपेन म्हणालीस.

तेव्हा नीट वाच. नाही म्हणत नाही. ये. तू माझी बहीण आहेस आणि ओलांडून जायची वस्तू नाहीस, हे त्या घरात एकदा मोठ्याने सांगून ये. मी मुकादमबाईंशी बोलले आहे. रोलरवर रात्रीला एक बाई हवी आहे, माझी जागा अजून भरलेली नाही. तुला त्या घेतील. मी सकाळी कामाला निघाले की खाट मोकळी असते. चादर मी स्वतः बदलून ठेवीन. काळं कापड खिडकीवर तसंच आहे, पाय शेकायची बादली खाटेखाली आहे, आणि दिवसा कसं झोपायचं ते कुणाला विचारायची गरज नाही, मी शिकवीन.

रात्र मात्र मागू नकोस. ती मी तुला एकदा दिली होती.

ताई